वेगळ्या चुली

‘चुली वेगळ्या झाल्या’ हे शब्द आमच्या लहानपणी घरातील वडील माणसे आवाज खाली करून उच्चारीत असत. एकाच वाड्यात, एकाच आढ्याखाली, एकाच विहिरीच्या पाण्यावर भावाभावांनी दोन ठिकाणी धूर काढावा, यात काहीतरी उणे आहे, ही गोष्ट आम्हां मुलांच्या मनावर त्या खालच्या आवाजानेच बिंबली. पुढे शिक्षकाचा पेशा पत्करून आम्ही शाळेची संगणकखोली सांभाळू लागलो, तेव्हाही ही समजूत आमच्या सोबतच होती. यंत्रे मोजकी, मुले पुष्कळ, आणि सर्वांची मिळून एकच चूल, असा आमचा कारभार. या कारभाराने एका मुलाचे काय केले, आणि त्यानंतर पन्नाशीच्या उंबरठ्यावर आम्ही वेगळ्या चुली मांडावयास कसे शिकलो, ते लिहावे असे संपादकांनी सुचविलेले नाही. आम्हीच आग्रहाने जागा मागून घेतली आहे.

ज्या पालकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्याकरिता प्रथम दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आम्ही मुलांस पायथन ही संगणकाची भाषा शिकवितो. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती ॲम्स्टरडॅम येथे रचिली व १९९१ साली लोकांपुढे ठेविली. नावावरून अजगराची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, आणि आमची मुले वहीच्या पुठ्ठ्यावर अजगर काढतातही. परंतु नाव ठेवणाऱ्याच्या मनात अजगर नसून ‘मॉन्टी पायथन’ नावाची दूरचित्रवाणीवरील एक विनोदी ब्रिटिश मंडळी होती. भाषा मूळची आटोपशीर आहे. तिचे खरे वैभव जगभरच्या लोकांनी लिहून विनामूल्य वाटलेल्या पॅकेजांत आहे. या पॅकेजांचे जे सार्वजनिक कोठार आहे, त्यात आज पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ‘पिप इन्स्टॉल’ एवढे लिहून पुढे हव्या त्या पॅकेजाचे नाव टाकले, की ते कोठारातून आपल्या यंत्रात येऊन पडते.

कोठे पडते, हा प्रश्न आम्ही कित्येक वर्षे स्वतःस विचारला नव्हता. ते ‘साइट-पॅकेजेस’ नावाच्या एका फोल्डरात पडते, आणि त्या फोल्डरात एका नावाच्या पॅकेजाची एकच आवृत्ती नांदू शकते. नवी आली की जुनी पुसली जाते. एका चुलीवर दोघी जावा राबत असल्या आणि एकीने न विचारता तवा उतरवून कढई चढविली, तर दुसरीची भाकरी कच्चीच राहावयाची. तिने पीठ चांगले मळले होते की नव्हते, याचा तेथे काही संबंध नाही.

सन २०२४ मध्ये आमच्याकडे नववीच्या वर्गात एक मुलगा होता. बोलणे थोडे, अक्षर सुबक, घर गावापासून दूर. त्याचे आजोबा एका लहानशा धरणावर चौकीदार होते. तेथे रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजून लिहावयाचे, हे काम पाहता पाहता त्यांस त्याची गोडी लागली. त्यांनी आपल्या अंगणातही एक मापक बसविला आणि २००३ सालापासून पावसाळ्याच्या चार महिन्यांची नोंद वहीत ठेविली. जून ते सप्टेंबर एकशेबावीस दिवस, आणि अशी बावीस वर्षे. म्हणजे दोन हजार सहाशे चौऱ्याऐंशी दिवसांचा पाऊस त्या वह्यांत होता. हा सारा पाऊस नातवाने यंत्रात उतरविला. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास तो खिडकीजवळच्या यंत्रावर बसे आणि वहीत बोट ठेवून एकेक आकडा घालीत असे. गणेशोत्सवाच्या सुट्टीपर्यंत जुनी वर्षे झाली. चालू वर्षाचे पाठोपाठ झाले.

त्या वह्यांत एक अडचण होती. दर वर्षी आषाढाच्या सुमारास तीन आठवडे जागा कोरी असे. आजोबा वारीस जात, आणि घरी दुसरे कोणी मापक पाहत नसे. मुलाने आम्हांस विचारले, “सर, इथं शून्य लिहू का?” आम्ही कामात होतो. “लिही,” म्हणालो. दुसऱ्या दिवशी तोच परत आला. “सर, शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. पण तो पडला असणार. आजोबा नव्हते एवढंच.” त्या वेळी आम्ही त्याच्याकडे प्रथम नीट पाहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. कोऱ्या जागेसाठी एक निराळी खूण आहे, ती आम्ही त्यास दाखविली. गणिती आकड्यांच्या रांगा हाताळण्याकरिता पायथनमध्ये ‘नमपाय’ नावाचे जे पॅकेज आहे, त्यात ‘नॅन’ अशी एक संज्ञा असते. तिचा अर्थ ‘संख्या नव्हे’. ती इंग्रजी तीन अक्षरांत लिहावयाची. तेव्हाच्या आवृत्तीत तिन्ही अक्षरे लहान लिहा, तिन्ही मोठी लिहा, किंवा कडेची दोन मोठी आणि मधले लहान लिहा, सर्व चालत असे. मुलास कडेची दोन मोठी हा प्रकार आवडला. आलेख काढणारे पॅकेज ही खूण भेटली की रेघ तोडते व पुढील खऱ्या आकड्यापासून पुन्हा सुरू करते. बावीस वर्षांचे बावीस आलेख त्याने एकाखाली एक काढले, तेव्हा बहुतेक प्रत्येक रेघेत आषाढाचे एक खिंडार दिसू लागले.

तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन डिसेंबरातील एका शनिवारी होते. आदल्या गुरुवारी सायंकाळी दहावीच्या दोघी मुली पानांची छायाचित्रे ओळखणारा आपला प्रयोग घेऊन आल्या. त्यांस एक पॅकेज हवे होते. आम्ही ते खिडकीजवळच्या यंत्रावर घातले, कारण तेच यंत्र त्यातल्या त्यात चपळ होते. येथवर आमचे काही चुकले नव्हते. परंतु हात चालू असताना माणसास थांबवत नाही. ‘नमपाय जुने दिसते, तेही नवे करून टाकू,’ असे म्हणून आम्ही कोणी न मागता दुसरी एक आज्ञा लिहिली. नमपायची दुसरी पिढी त्याच वर्षी १६ जूनला प्रसिद्ध झाली होती. २००६ साली आलेल्या पहिल्या पिढीनंतर एवढा मोठा बदल हाच पहिला. आवृत्तीच्या क्रमांकात टिंबापूर्वीचा आकडा बदलला म्हणजे जुनी वचने मोडलेली असू शकतात, हे आम्ही वर्गात स्वतः शिकवीत असू. आज्ञा पुरी होताना पडद्यावर लाल अक्षरांत दोन ओळी उमटल्या. त्यांचा भावार्थ असा होता की, आलेख काढणाऱ्या पॅकेजास नमपाय दोनपेक्षा खालचे हवे आहे आणि आता ते तसे राहिलेले नाही. आम्ही त्या पाहिल्या. वाचल्याही असाव्यात. घरी जाण्याची वेळ झाली होती. मुलींचे काम चालले, त्या आनंदाने गेल्या, आम्ही दिवा मालविला.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मुलाने आपला प्रोग्राम चालवून पाहिला. त्याचे दोन भाग होते. एक वहीतील आकडे वाचून मांडणारा, दुसरा त्यांचे आलेख काढणारा. पहिलाच भाग अडला. यंत्राने सांगितले की, मोठ्या अक्षरांची ती खूण नमपायच्या दुसऱ्या पिढीतून काढून टाकली आहे, लहान अक्षरांची वापरावी. मुलाने घाबरत घाबरत सर्व ठिकाणी लहान अक्षरे केली. पहिला भाग चालला, आणि दुसरा कोसळला. कारण आलेखांचे पॅकेज नमपायच्या पहिल्या पिढीसाठी बांधलेले होते व दुसऱ्या पिढीशी त्याचे जमेना. पडद्यावर इंग्रजीचे एक पान भरून आले. मुलाने त्यातून एवढाच अर्थ काढला की, आपण अक्षरे बदलली म्हणून हे बिघडले. त्याने ती परत मोठी केली. पुन्हा पहिला भाग अडला. असा तो सुट्टीभर आणि पुढचा चित्रकलेचा तास बुडवून मागे-पुढे करीत राहिला.

चार वाजता तो आमच्याकडे आला. आम्ही प्रदर्शनाला न्यावयाच्या सामानाची यादी करीत होतो. त्याने सांगितले ते आम्ही अर्धे ऐकले आणि मान वर न करता म्हणालो, “काल चालत होते ना? मग तूच काहीतरी बदलले असशील.” तो म्हणाला, “हो सर, अक्षरं बदलली.” “बघ,” आम्ही म्हणालो. हा एक शब्द आम्ही उच्चारला नसता तर बरे झाले असते, असे त्यानंतर आम्हांस किती वेळा वाटले असेल!

शनिवारी तो पाच आलेखकागद घेऊन आला. रात्री बसून त्याने पाच वर्षांचा पाऊस पेन्सिलीने काढला होता, आणि आषाढाच्या जागी रेघ तोडण्यास तो विसरला नव्हता. परीक्षकांनी नोंदपत्रकात ‘संगणकीय प्रयोग’ असे लिहिलेले पाहून प्रोग्राम दाखविण्यास सांगितले. “माझ्याकडून बिघडला,” असे तो म्हणाला. त्याची निवड झाली नाही. मुलींच्या पानांची जिल्ह्यासाठी निवड झाली. बसमध्ये मुलांनी गाणी म्हटली. तो आमच्या पुढच्या आसनावर कागदांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता.

सोमवारी सकाळी, कोणी नसताना, आम्ही ते यंत्र उघडले. टर्मिनलमध्ये ‘हिस्टरी’ असे लिहिले की आजवर दिलेल्या आज्ञा क्रमाने समोर येतात. शाळेत सर्व मुले एकाच खात्यातून काम करीत असल्याने सर्वांच्या आज्ञा एकाखाली एक होत्या. मुलाच्या बुधवारच्या कामाची आज्ञा होती, खाली मुलींच्या प्रयोगाची, आणि दोहोंच्या मध्ये, आमच्या नेहमीच्या लिहिण्याच्या ढंगात, नमपाय नवे करण्याची. आम्ही ती ओळ बराच वेळ पाहत बसलो. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा पडदा मिटविला.

प्रथम ही गोष्ट मुलास सांगावी की प्रथम त्याचा प्रोग्राम पूर्ववत करावा, या विचारात आम्ही एक दिवस घालविला. तो घालवावयास नको होता. परंतु खरे सांगावयाचे तर, हाती काही घेतल्यावाचून त्याच्यापुढे उभे राहण्याचा धीर आम्हांस झाला नाही. नमपाय पुन्हा जुने करावे, तर मुलींच्या प्रयोगाची परीक्षा पाहिल्यासारखे होणार, आणि त्यांस तर जिल्ह्याला जावयाचे. एका चुलीवर दोन्ही शिजणे शक्य नव्हते. त्या रात्री आम्ही प्रथमच मन लावून वाचले, आणि ज्यास आमचे वडील नाक मुरडीत, तोच उपाय या क्षेत्रातील लोकांनी फार पूर्वी काढून ठेविला आहे, असे दिसून आले.

इयन बिकिंग यांनी २००७ साली ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ नावाचे साधन लिहिले. एका यंत्रावर, एकाच पायथनवर, प्रत्येक कामाकरिता निराळे साइट-पॅकेजेस मांडून देणे हे त्याचे काम. (पुढल्याच वर्षी ‘पिप’ देखील याच गृहस्थांनी दिले, कोठारातून माल आणणारी गाडी आणि तो मांडण्याची वेगळी जागा, दोन्ही एकाच हातची!) २०१२ साली पायथनच्या ३·३ या आवृत्तीपासून ही सोय भाषेतच ‘व्हेन्व’ या नावाने आली. म्हणजे आमच्या खोलीतील यंत्रांच्या दारात ती वर्षानुवर्षे उभी होती. आम्ही दार उघडले नव्हते.

कृती सोपी आहे. कामाच्या फोल्डरात जाऊन टर्मिनलमध्ये ‘पायथन-३’ लिहावयाचे, मग आडवी रेघ देऊन ‘एम’, मग ‘व्हेन्व’, आणि शेवटी नव्या चुलीला आपण देऊ ते नाव. आम्ही ‘पाऊस’ हे नाव दिले. पहिल्या प्रयत्नास यंत्राने नकार दिला, कारण आमच्या उबुंटूत या सोयीचा एक भाग निराळा घालावा लागतो. तो घातल्यावर क्षणभरात ‘पाऊस’ नावाचा फोल्डर तयार झाला. आत डोकावून पाहिले, तर पायथनची दुसरी प्रत तेथे नव्हतीच. मूळ पायथनकडे बोट दाखविणारा एक दुवा होता. विहीर एकच. जवळच एक तीन ओळींचे पत्रक होते. मूळ पायथन कोठे आहे, यंत्राचे सार्वजनिक सामान येथे दिसावे की नाही, आणि आवृत्ती कोणती, एवढेच त्यात लिहिलेले. दुसऱ्या ओळीत ‘नाही’ असे होते. त्या एका नकारावर वेगळेपणाचा सारा डोलारा उभा आहे. पायथन सुरू होताना आपल्याजवळ हे पत्रक आहे काय ते पाहतो. असल्यास सार्वजनिक फोल्डराकडे न जाता या चुलीच्या साइट-पॅकेजेसकडे जातो.

मग त्या चुलीशी बसावयाचे कसे? ‘सोर्स’ असे लिहून पुढे ‘पाऊस’ फोल्डरातील ‘बिन’मधील ‘ॲक्टिव्हेट’ या फाइलीचा पत्ता द्यावयाचा. ओळीच्या आरंभी कंसात ‘पाऊस’ हे नाव उमटते, आणि आपण कोणाच्या घरात आहोत ते कळते. यात जादू काही नाही. आपण ‘पायथन’ असे लिहितो तेव्हा टर्मिनल ते कोठे शोधते? त्याच्यापाशी ‘पाथ’ नावाची पत्त्यांची एक रांग असते. ती डावीकडून वाचीत जावयाची, आणि ज्या पत्त्यावर त्या नावाचे काही प्रथम सापडेल ते चालवावयाचे. ‘ॲक्टिव्हेट’ एवढेच करते की, या रांगेच्या सर्वांत पुढे आपल्या चुलीचा पत्ता घालते आणि जुनी रांग बाजूस जपून ठेविते. ‘डीॲक्टिव्हेट’ म्हटले की जपून ठेविलेली रांग परत येते. ‘सोर्स’ हा शब्द कशास, असे मुलींपैकी एकीने पुढे आम्हांस विचारले. त्याचे कारण असे की, नुसती फाइल चालविली तर टर्मिनल तिच्याकरिता एक पोटचे टर्मिनल उघडते. तेथे रांग बदलते खरी, पण लेकराने पाटीवर लिहिले म्हणून ते बापाच्या वहीत उमटत नाही. ‘सोर्स’ म्हणजे बापानेच ते आपल्या हाताने लिहून घेणे.

‘पाऊस’ मध्ये आम्ही नमपाय १·२६, म्हणजे पहिल्या पिढीतील शेवटची शाखा, क्रमांक सांगून मागविली, आणि तिच्याजोगते आलेखांचे पॅकेज. त्यात शेदोनशे मेगाबाइट जागा गेली. अशा दहा चुली मांडल्या तर दहा वेळा जाईल, हे या पद्धतीचे उणे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. दोन चुलींना लाकूडफाटाही दुप्पट लागतोच. बाहेर मुलींकरिता दुसरी पिढी जशी होती तशीच राहिली. मंगळवारी सायंकाळी मुलाच्या प्रोग्रामात कडेची दोन मोठी अक्षरे असलेली त्याची मूळ खूण आम्ही स्वहस्ते परत घातली व चालवून पाहिला. बावीस आलेख एकाखाली एक उमटले.

बुधवारी त्यास बोलावून सर्व सांगितले. गुरुवारी काय केले, लाल ओळी कशा पाहिल्या, शुक्रवारी न ऐकता काय बोललो, सोमवारी काय सापडले. तो उभाच होता. बस म्हटले तरी बसला नाही. सांगून झाल्यावर आम्ही थांबलो. काही वेळाने त्याने विचारले, “म्हणजे सर, मोठी अक्षरं चुकीची नव्हती?”

“नव्हती,” आम्ही म्हणालो. “तू लिहिलीस तेव्हा ती बरोबर होती.”

त्याने मान हलविली आणि वर्गात गेला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हीच गोष्ट आम्ही सर्व मुलांसमोर सांगितली, कारण त्याच्याकडून प्रयोग बिघडल्याचे सर्वांनी ऐकले होते, आणि ते खोटे होते.

तेव्हापासून आमच्या खोलीत ज्याची त्याची चूल वेगळी. पहिल्या महिन्यात आम्ही आणखी एक फजिती करून घेतली, तीही नोंदवून ठेवतो. मुलींची नवी चूल आम्ही पेनड्राइव्हवर उचलून दुसऱ्या यंत्रावर नेली, आणि ती पेटेना. चुलीतील फाइलींत जुन्या जागेचा पूर्ण पत्ता ठिकठिकाणी लिहिलेला असतो. घर बदलले की ते पत्ते खोटे होतात. चूल उचलून न्यावयाची नसते, वाणसामानाची यादी न्यावयाची असते. ‘पिप फ्रीझ’ म्हटले की आत काय काय आहे व कोणत्या आवृत्तीचे आहे, ते ओळीने लिहून मिळते. ती यादी ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या फाइलीत ठेवावी, दुसऱ्या यंत्रावर नवी चूल मांडावी, आणि पिपला यादी वाचून सामान भरावयास सांगावे. आता आमची मुले आपापल्या प्रोग्रामासोबत ही यादी जपतात व चूल खुशाल पुसून टाकतात. पुसलेली चूल दहा मिनिटांत पुन्हा उभी राहते, हे प्रथम पाहिले तेव्हा आम्हांस फार नवल वाटले होते.

या विषयात इतर साधनेही आहेत. ‘कोंडा’ हे २०१२ सालचे. पायथनच्या बाहेरचे सामानही ते सांभाळते, म्हणून शास्त्रीय कामे करणारे लोक ते वापरतात. २०२४ मध्ये रस्ट भाषेत लिहिलेले ‘यूव्ही’ आले. ते इतके जलद आहे की मुलांनी दोनदा आज्ञा दिली, पहिली खरी वाटली नाही म्हणून. ज्यांस हौस आहे त्यांनी ती जरूर पाहावी. आम्हांस व्हेन्व पुरते. एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. यंत्राची स्वतःची कित्येक कामे पायथनवर चालतात, आणि लोक सार्वजनिक फोल्डरात वाटेल ते भरून यंत्रच बिघडवितात, असे अनुभवास आल्यामुळे २०२३ सालच्या डेबियन १२ पासून पिप तेथे सामान भरण्यास साफ नकार देते आणि वेगळी चूल मांडावयास सांगते. तरीही ज्यास हट्टच करावयाचा असेल त्याच्याकरिता एक पर्याय ठेविला आहे. त्या पर्यायाचे नावच ‘यंत्राची पॅकेजे मोडा’ अशा अर्थाचे आहे! आमच्या खोलीत नवे डेबियन असते, तर त्या गुरुवारी ते शब्द आम्हांस स्वतःच्या हाताने लिहावे लागले असते. लिहिलेही असते कदाचित. घरी जाण्याची वेळ झाली होती.

फेब्रुवारीत पालकसभेस मुलाचे वडील येऊ शकले नाहीत, आजोबा आले. पांढरे धोतर, डोक्यास टोपी, हातात कापडात बांधलेल्या वह्या. सभा संपल्यावर ते नातवासह संगणकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले व चपला काढू लागले. “आजोबा, राहू द्या, तसेच या,” आम्ही म्हणालो. त्यांनी काढल्याच.

मुलाने त्यांस खुर्चीवर बसविले. काळ्या पडद्यावर ‘सोर्स’ची ओळ लिहिली, कंसात ‘पाऊस’ उमटले. मग प्रोग्राम चालविला. आजोबा पुढे वाकून पाहू लागले. काही वर्षांचे आकडे त्यांस पाठ होते; रेघ वर गेली की “ही तेवीस जुलैची,” असे ते पुटपुटत, आणि मूल वहीत पाहून मान हलवी. मग त्यांचे बोट एका खिंडारावर थांबले.

“मास्तर, ही रेघ हितं तुटलीया.”

“तेव्हा आपण वारीत होता, आजोबा,” आम्ही म्हणालो. “पाऊस पडला असेल, पण मोजायला घरी कोणी नव्हते. म्हणून याने तिथे शून्य लिहिले नाही.”

त्यांनी नातवाकडे पाहिले, पण बोलले काही नाही. बोट एकेका वर्षावरून खाली सरकत गेले आणि प्रत्येक आषाढाशी क्षणभर थांबले. २०२० सालापाशी ते थांबले नाही. तेथे रेघ सलग होती. त्याखाली २०२१ सालची, तीही सलग. साथीमुळे ती दोन वर्षे पायी वारी झाली नव्हती. आजोबांनी त्या दोन रेघांवरून बोट परत मागे आणले व पुन्हा पुढे नेले.

“ह्या दोन साली समदा पाऊस घरात बसून मोजला,” ते म्हणाले.

शिपाई खोली बंद करण्यास आला होता. मुलाने ‘डीॲक्टिव्हेट’ लिहिले. कंसातील ‘पाऊस’ पडद्यावरून गेला. आजोबा उठले, टोपी सारखी केली, वह्या पुन्हा कापडात बांधल्या, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळले.

“पुन्यांदा दिसंल न्हवं?”

मुलगा परत खुर्चीवर बसला आणि ‘सोर्स’ लिहू लागला.